पाच पुस्तकं आणि एक खोडरबर

आमच्या गिरगावातल्या वाचनालयात या वर्षी एक नवं कपाट येणार आहे. मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईवडिलांच्या उपयोगाची पुस्तकं त्यात असतील. अलीकडे अशी चार-पाच कुटुंबं येऊन विचारून गेली. दोन परळची, एक दादरचं, आणि एक जोडपं लालबागहून मुलाला कडेवर घेऊन आलेलं. आमच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

वाचनालयाचे अध्यक्ष माझे शाळासोबती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दोन पानं लिहून दे. कुठली पुस्तकं घ्यावीत, कशी वापरावीत. कपाटाच्या दारावर लावू आणि वार्षिक अंकातही छापू."

"मीच का?"

"आता लाजू नकोस रे. नातीला घरी शिकवून दहावी पार करवलीस. शाल घेतलीस ना आमच्या हातून? मग लिही."

शाल घेतली, हे खरं आहे. गेल्या वर्षी नात बाहेरून दहावीला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली, तेव्हा वाचनालयानं माझा छोटासा सत्कार केला. 'आजोबांनी घरी घडवलेली नात' असं फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं. सूनबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. मी उठून दोन शब्द बोललो. त्या दोन शब्दांत तिचं नाव नव्हतं.

दोन पानं लिहायला मी आठ दिवस बसत होतो आणि उठत होतो. आता ठरवलं आहे की लिहायचं तर सगळं लिहायचं. नातीला मी शिकवलं नाही. आठवीचं व्याकरण आणि चार महिने बीजगणित, एवढाच माझा वाटा. बाकी नऊ वर्षं तिच्या आईनं शिकवलं. शिकवताना तिनं जी नोंद ठेवली होती, ती मी माझ्या हातानं पुसून टाकली. चुकून पुसली असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

मी एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. माझे वडीलही कारकून, आजोबाही कारकून. आमच्या घरात भांडी कमी आणि दाखले जास्त, असं माझी पत्नी म्हणायची. निवृत्तीनंतर मी वाचनालयात जाऊ लागलो आणि तिथे पुस्तकं दुरुस्त करण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. पाठ निघालेली पुस्तकं शिवायची, खळ लावायची, खाकी कागदाचं कव्हर घालायचं. माझी एक शिस्त होती. पुस्तक हातात आलं की आधी खोडरबर घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या, मगच खळीला हात लावायचा. शाईनं लिहिणाऱ्या वाचकाचं सभासदत्व रद्द करावं, असा नियमही मीच लिहून मंजूर करून घेतला होता. मी खोडरबर शर्टाच्या खिशात घालून हिंडतो, यावरून लोक माझी थट्टा करत.

सून घोडपदेवची. तिचे वडील गिरणीत होते, पुढे गिरणी बंद पडली. तिनं बारावीनंतर नोकरी धरली आणि बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. मुलानं पसंत केली, आम्ही नाही म्हणालो नाही. पण हो म्हणतानाचा आमचा आवाज तिनं नक्कीच ऐकला असणार.

नात दुसरीत असताना तिचं शाळेत बोलणं बंद झालं. घरी अखंड बडबड, वर्गात एक अक्षर नाही. बाईंनी उभं केलं, बाकावर उभं केलं, आम्हाला बोलावून घेतलं. पुढे पुढे सकाळी गणवेश अंगात चढवला की तिला उलटी व्हायची. असं दोन महिने चाललं. एका सकाळी सुनेनं गणवेश पुन्हा घडी करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आजपासून घरीच." मुलगा म्हणाला, "बघू या थोडे दिवस." मी काही म्हणालो नाही. जे म्हणायचं ते नंतर चारचौघांत म्हणालो. ते पुढे येईल.

तिनं नोकरी सोडली आणि पुस्तकं जमवायला लागली. एकूण पाच. अध्यक्षांना यादी हवी आहे, तर ती पाच कशा प्रकारची होती ते सांगतो, कारण कपाटात आधी अशीच यायला हवीत.

पहिलं पातळ, मराठी, एका बालवाडीच्या बाईंनी आयांसाठी लिहिलेलं. मूल जे शब्द स्वतः बोलतं ते चिठ्ठ्यांवर लिहून त्यावरूनच त्याला वाचायला शिकवावं, असं त्यात सांगितलं होतं. नातीची पहिली चिठ्ठी 'बोंबील' होती. मला हे फार हलकं वाटलं होतं. मी तिला 'कमळ' लिहून दिलं, आणि तिनं त्या चिठ्ठीची होडी केली.

दुसरं अंकगणिताचं, खरं तर शिक्षकांसाठी. चिंचोके, काड्या, तराजू घेऊन बेरीज-वजाबाकीपासून अपूर्णांकांपर्यंत नेणारं. नव्या पालकांनी याच्यातलं एकही प्रकरण गाळू नये. तिसरं जाड इंग्रजी, परदेशातल्या एका आईनं आपली मुलं घरी कशी शिकवली त्याची हकीकत. सून ते शब्दकोश मांडीवर घेऊन सहा महिने वाचत होती. यातलं निम्मं आपल्या कामाचं नाही. पण ज्या दिवशी आपल्याला काही जमत नाही असं वाटतं, त्या दिवशी वाचायला ते चांगलं आहे, कारण त्या बाईलाही पुष्कळ दिवशी जमलेलं नाही. चौथं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारं. काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पेनाची रिकामी कांडी. आमची गॅलरी वर्षभर या पसाऱ्यानं भरलेली असायची आणि शेजारी पाय जपून टाकत जायचे. पाचवं मुलांच्या मनाविषयी, एका डॉक्टरांचं. मूल गप्प होतं तेव्हा आईबापांनी काय करू नये, यावर त्यात जास्त भर. हे पालकांनी आधी वाचावं आणि आजी-आजोबांनी त्याच्याही आधी.

पण ही पुस्तकं आहेत तशी वाचून माझ्या नातीचं काही झालं नसतं. सून ती गिरगावच्या, घोडपदेवच्या आणि वरळीच्या पुस्तकांत बदलून घेत होती, आणि ते काम ती समासात करत होती. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तारीख न घालता. पुस्तकानं सांगितलं काय, आपण केलं काय, पोरगी म्हणाली काय. तीन वर्षांत पाचही पुस्तकांचे समास भरून गेले. वापरून वापरून पुस्तकांच्या पाठी निघाल्या. तेव्हा तिनं ती माझ्यापुढे आणून ठेवली.

"आबा, पाठी तेवढ्या चिकटवून द्याल? दादरचं एक जोडपं मुलाला घरी शिकवायचं म्हणतंय, त्यांना वाचायला द्यायचीत."

मी दुरुस्तीला बसलो आणि वाचायला लागलो. ती माहेरी गेली होती, घरात कोणी नव्हतं, तीन दुपारी मी नुसता वाचत होतो. अपूर्णांकांच्या प्रकरणाशी लिहिलं होतं: 'वरळी कोळीवाड्यात. कोळीण मावशीनं सहा बांगड्यांचे चार वाटे लावले. पोरगी म्हणाली, वाटे लागणारच नाहीत. मावशीनं दोन मासे मधून कापले. दीड, दीड, दीड, दीड. घरी येऊन पुस्तकातली सगळी गणितं स्वतः सोडवली. हाताला वास.' इंग्रजी पुस्तकात एका ठिकाणी: 'ही बाई म्हणते मुलांना अंगणात सोडा. अंगण नाही. गॅलरी आहे, बारा बिऱ्हाडांची. जास्त शिकता येईल.' लालबागला गणपतीच्या कारखान्यात नातीला बसवून मूर्तीचं मस्तक एक धरलं तर बाकीचं शरीर किती पट, हे मोजायला लावलं होतं, तेही होतं. सुनेच्या आईनं पोरीविषयी विचारलेलं मालवणी वाक्यही तसंच्या तसं उतरवलेलं: 'आई म्हणाली, चेडू शाळेत नाय गेला तर करतला काय गो? म्हटलं, माहीत नाही. आजचं झालं.'

काही ठिकाणी स्वतःची उलटतपासणी. 'आज ओरडले. चूक माझी, घाई केली.' आणि एका पानावर, 'छेद-अंश आबांना छान येतं. विचारू का?' चार पानं पुढे, 'विचारलं नाही.'

इथवर वाचताना मला काय वाटत होतं ते नीट सांगतो. कौतुक वाटत होतं, आणि त्याचा राग येत होता. एका कारकुनाच्या घराण्यात इतकी चोख टिपणं कोणी ठेवली नव्हती.

मग पाचवं पुस्तक उघडलं. मुलाला घरच्यांचं बोलणं कसं लागतं, त्या प्रकरणाशेजारी एक नोंद होती. 'आबा आज पाहुण्यांसमोर म्हणाले, आमच्याकडे सध्या घोडपदेवची शाळा भरते. सगळे हसले. ही पण हसली. नंतर मला विचारलं, घोडपदेव वाईट असतं का?'

मी ते बोललो होतो. लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलं होतं, चहा चालला होता, आणि मला ते विनोदी वाटलं होतं.

आता ही पुस्तकं दादरच्या घरी जाणार. कोणी अनोळखी माणसं ते वाचणार. मी खिशातून खोडरबर काढलं आणि ती नोंद पुसली. पुसल्यावर तिथे पांढरा डाग पडला. आजूबाजूचा समास भरलेला आणि मधेच चार ओळींची मोकळी जागा, म्हणजे कोणीही विचारलं असतं की इथलंच का पुसलं. म्हणून ते पान पुसलं. मग एकच पान कोरं दिसू लागलं म्हणून पुस्तक पुसलं. मग एकच पुस्तक कोरं राहील म्हणून बाकीची चारही. दोन दिवस लागले. कोळीवाड्यातली मावशी, मस्तकाची मापं, 'विचारू का', सगळं. चुरा मी गॅलरीतून खाली झटकला. नंतर पाठी शिवल्या, खळ लावली, खाकी कव्हरं घातली. त्या पुस्तकांइतकं स्वच्छ काम मी कधी केलं नसेल.

ती माहेरून आली, तिनं एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं.

"आबा... समासातलं?"

"अरे देवा," मी म्हणालो, "हात सवयीनं चालला गं. लक्षातच आलं नाही."

मुलगा हसला. "आबांच्या हातात पुस्तक दिलंस, वर खोडरबर खिशात. तूच विचार करायचास." ती पुस्तकं उचलून आत गेली. दादरच्या जोडप्याला पुस्तकं मिळाली नाहीत. तिनं पुन्हा कधी समासात लिहिलं नाही. शिकवणं मात्र एक दिवसही थांबवलं नाही.

घरात हा किस्सा झाला. सणासुदीला सांगितला जायचा, आणि मीही हसायचो.

आता अध्यक्षांनी दोन पानं मागितल्यावर मी ती पाच पुस्तकं माळ्यावरून काढली आणि सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. आठ-साडेआठच्या सुमाराला आमच्या गॅलरीत ऊन आडवं येतं. अंकगणिताचं पुस्तक गुडघ्यावर उघडं होतं, आणि कोऱ्या समासात मला अक्षरं दिसली. सून पेन्सिल दाबून लिहिते. शिसं गेलं होतं, चर राहिले होते. पुस्तक तिरकं धरलं की 'दीड, दीड' वाचता येत होतं.

मी भिंग आणलं आणि एका वहीत उतरवायला बसलो. तीन सकाळी कोणाला न सांगता तेच केलं. चौथ्या सकाळी मला कळलं की मी पुन्हा लपूनच काम करतो आहे. सगळं उतरवून, तिच्या हातात वही देऊन, शाबासकी घेण्याचा माझा बेत होता. खरं कारण तेवढं पुन्हा राहून गेलं असतं. मी वही मिटली.

ती मेथी निवडायला गॅलरीत येऊन बसली, तेव्हा मी म्हणालो, "ती पुस्तकं मी सवयीनं पुसली नव्हती."

"कुठली?"

मी मांडीवरची दाखवली. मग सगळं सांगितलं. पाहुणे, चहा, घोडपदेव, चार ओळींचा डाग, दोन दिवस. एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो.

तिचा हात मेथीत थांबला होता. आत कुकरची शिट्टी झाली. ती उठली, गॅस बंद केला आणि परत आली.

"मी इतकी वर्षं स्वतःवर चिडतेय," ती म्हणाली. "की पेननं का नाही लिहिलं. माहितेय का नाही लिहिलं? तुम्हाला पुस्तकात शाई चालत नाही म्हणून. माझी पुस्तकं, आबा. माझ्या साठवलेल्या पगारातून घेतलेली. तरी मी पेन्सिल वापरली."

"हो."

"आणि सत्काराला मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या."

"हो."

"हो हो काय करताय!" तिचा आवाज चढला. शेजारच्या काकू दारात आल्या आणि पुन्हा आत गेल्या. "त्या जोडप्याला मी काय सांगितलं ठाऊक आहे? म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी मुलाला शाळेत घातलं परत."

मी म्हणालो, "अक्षरं अजून दिसतात. उतरवून काढतो आहे. वहीत."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उन्हात तिरकं धरलं. बराच वेळ पाहत होती. एका ठिकाणी तिला हसू आलं, ते तिनं मला दाखवलं नाही.

"वहीत नको," ती म्हणाली. "जिथे होतं तिथेच लिहा. आणि शाईनं."

"पुस्तकात?"

"पुस्तकात. तुमच्या अक्षरात. पाचवं पुस्तक आधी, ती ओळ आधी. मग ही पाचही त्या कपाटात ठेवा. माझ्या नावानं."

मी आयुष्यात पुस्तकात शाईनं लिहिलेलं नाही. पेन उघडून पाचव्या पुस्तकाचं ते पान समोर घेतलं. ती शेजारी बसून होती. 'आबा आज पाहुण्यांसमोर म्हणाले' इथून 'घोडपदेव वाईट असतं का' इथपर्यंत मी लिहिलं. तिनं तपासलं.

"'ही पण हसली', त्यातला 'पण' राहिला," ती म्हणाली. मी ओळीखाली काकपदाची खूण करून वर 'पण' घातला.

"तेव्हा तू तिला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं नाही काही. दुसऱ्या दिवशी घोडपदेवला नेलं. आईकडे आठ दिवस शाळा भरवली."

अध्यक्षांना मी ही सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "ते तुझं घरचं आहे, छापायची गरज नाही. आणि शाईनं लिहिलेली पुस्तकं कपाटात कशी ठेवायची? नियम तूच केलास."

"मीच केला. पुढच्या सभेत मीच रद्द करून घेतो. निदान त्या कपाटापुरता. आईबापांनी त्या पुस्तकांत लिहिलंच पाहिजे."

"आणि शाल?"

"फळ्यावर कोणाचं नाव लिहायचं ते आता तुला माहीत आहे. सत्कार पुन्हा कर. या वेळी तिसऱ्या रांगेत मी बसतो."

सुनेला सत्काराचं विचारलं तर म्हणाली, "शालीचं काय करू मी? महिन्यातून दोन शनिवार वाचनालयाची खोली द्या. ज्यांना विचारायचंय ते येतील." तो अर्ज मी केला आहे.

सध्या रोज सकाळी ऊन आडवं असेपर्यंत, साधारण दीड तास, हे काम चालतं. मी वाचतो, अडलं की तिला हाक मारतो. कधी तिला आठवतं, कधी नातीला. नात परवा म्हणाली, "आबा, मावशीनं सहा नाही, दहा बांगडे घेतले होते. आईनं गणित सोपं केलंय." त्यावरून दोघींचं जोरदार भांडण झालं. शेवटी चर पाहिले, तर सहाच निघाले.

काही जागा मात्र गेल्या. जिथे मी फार रगडलं तिथे कागदच उडाला आहे, आणि तिथलं काय होतं ते दोघींनाही आठवत नाही. अशा जागा आजवर एकवीस सापडल्या. तिथे अंदाजानं काही भरायचं नाही, असं तिनं बजावलं आहे. म्हणून तिथे मी शाईनं एवढंच लिहितो, 'इथली नोंद मी पुसली, आता वाचता येत नाही', आणि खाली सही करतो. कपाट उघडल्यावर ज्यांच्या हातात ही पुस्तकं पडतील त्यांनी त्या जागेपाशी थांबून राहू नये, पान उलटावं. पुढच्या पानावर तिचं अजून पुष्कळ आहे.